घरातला इतिहास कोण लिहिणार?

महाडच्या सत्याग्रहावर आजवर पुष्कळ लिहिलं गेलं. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, परमपूज्य बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्राशन केलं, २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली, हे आपल्या शाळकरी पोरांनाही पाठ आहे. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, सहस्रबुद्धे ही नावंही माहीत आहेत. पण परिषदेला आलेली ती हजारो माणसं कोणत्या वाडीची? त्यांना भाकऱ्या कोणी बांधून दिल्या? ज्यांनी मार खाल्ला, त्यांच्या घरी पुढे काय झालं? याबद्दल पुस्तकांत फार थोडं सापडतं. ते होतं म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी, आणि त्यातली बहुतेक माणसं कोणी न विचारताच गेली.

आता १९५६ ची पाळी आहे. धम्मदीक्षेच्या वर्षी दहा वर्षांची असलेली मुलगी आज ऐंशीच्या आसपास आहे.

हे काम आपल्याच मुलखात झालेलं आहे. डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब पद्मावती बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तिथून चालत महाडला गेले. त्याच दासगावात वाढलेले रामचंद्र बाबाजी मोरे हे महाड परिषदेच्या आयोजकांपैकी एक, पुढे कम्युनिस्ट झाले. त्यांनी स्वतःची हकीकत लिहायला घेतली, पण ती अपुरी राहिली. १९७२ साली ते वारले. पुढचं चरित्र त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी लिहून पुरं केलं. मुलाने बापाचं काम हाती घेतलं म्हणून ते आपल्यापर्यंत पोचलं, नाहीतर दासगावच्या त्या पोराची गोष्ट खाडीतच गेली असती!

बायांचं तर विचारूच नका. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघींनी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केलं, ते १९८९ साली आलं. तोवर सभेतल्या महिला म्हणजे 'महिलांची उपस्थिती लक्षणीय होती' एवढं एक वाक्य! आजही आजीला काही विचारा, उत्तर आजोबा देतात. म्हणून तिला एकटीला गाठावं, चुलीपाशी नाहीतर मासळी निवडताना. तिथे ती मोकळी बोलते.

'चळवळीत तुमचं योगदान काय?' असं विचारलं की माणूस गप्प होतो. त्याऐवजी विचारावं, पाणी कुठून आणायचात? खोताच्या घरी वेठीला कोण जायचं? गिरणीत पहिला कोण लागला, आणि मुंबईत उतरला कोणाच्या खोलीवर? मेलेलं ढोर ओढायचं कधी सोडलंत, आणि सोडल्यावर गावाने काय केलं? या शेवटच्या प्रश्नाला डोळ्यांत पाणी येतं. तिथे घाई करू नये. सांगायचं नसेल, तर वही मिटून चहा घ्यावा.

साल मात्र विचारू नये. रामदास बोट रेवसजवळ बुडाली (१७ जुलै १९४७) त्याच्या आधी की नंतर, असं विचारावं. कोयनेचा भूकंप (११ डिसेंबर १९६७), जिल्ह्याचं कुलाबा नाव जाऊन रायगड झालं ते १९८१, दासगाव-जुईच्या दरडी कोसळल्या तो जुलै २००५, या खुणा लोकांना पक्क्या आठवतात. त्यावरून साल बसवता येतं.

दोन भाऊ एकच प्रसंग वेगवेगळा सांगतील. कोण खरा, याचा निवाडा करत बसू नये, दोन्ही लिहावं. जमेल तिथे 'बहिष्कृत भारत'चे अंक चाळावेत. ३ एप्रिल १९२७ पासून निघालेल्या या पाक्षिकात महाडची हकीकत आहे आणि शासनाने ते अंक पुन्हा छापलेही आहेत. आणि बोली सुधारू नये. म्हातारा 'व्हता' म्हणाला तर 'व्हता'च लिहावं.

मोबाईल आज प्रत्येक पोराच्या खिशात आहे, तेव्हा आवाज जरूर धरून ठेवावा. पण फोन बदलला की आवाज जातो. म्हणून सांगणाऱ्याचं नाव, गाव, तारीख घालून वहीत उतरवावं, त्याला वाचून दाखवावं आणि नाव छापायचं की नाही हे त्यालाच विचारावं. एक प्रत विहाराच्या कपाटात ठेवावी. आपल्याकडे पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, म्हणून दुसरी मुंबईकर मंडळींकडे द्यावी.