लुटणे: सुरतेपासून संक्रांतीपर्यंत

सुरतेत ‘लूंट’ म्हणतात, आपण ‘लूट’ म्हणतो. मूळ धातू एकच, संस्कृतातला लुण्ट् किंवा लुण्ठ्. त्यातलं अनुनासिक गुजरातीने जपलं, मराठीने टाकून दिलं. घोड्यावर जादा ओझं नको, असा हिशेब असावा!

जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. वीरजी व्होऱ्यासारख्या बड्या सावकाराचा वाडा सुटला नाही आणि शहराचा मोगल अधिकारी इनायतखान किल्ल्यात दडून बसला, हे आपण शाळेतच शिकतो. त्या काळी हिंदुस्थानात असलेल्या बर्निये या फ्रेंच प्रवाशाने एक वेगळी गोष्ट नोंदवली आहे. फादर आंब्रोज या कॅपुचिन पाद्र्याच्या घराला महाराजांनी धक्का लावला नाही. डचांच्या एका मृत हिंदू दलालाचं घरही वगळलं, कारण तो हयातीत मोठा दानधर्म करणारा होता, असं त्यांना कळलं होतं. ज्याने आपण होऊन दिलं, त्याच्याकडून घ्यायचं नाही, असा त्या लुटीचा एक कायदा दिसतो.

पुढे अठराव्या शतकाअखेर ‘लूट’ हा शब्द इंग्रजीत गेला आणि १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात जाऊन बसला. पॅरिसच्या गुन्हेगारांना मात्र उसनवारीची गरज नव्हती. त्यांच्या बोलीत पैशाला, घबाडाला ‘ग्रिझ्बी’ म्हणत. आल्बेर सिमोनँने १९५३ साली ‘तुशे पा ओ ग्रिझ्बी’ ही कादंबरी लिहिली, तेव्हा ही बोली खुद्द फ्रेंच वाचकांना कळावी म्हणून शेवटी शब्दार्थ द्यावे लागले. पुढच्याच वर्षी झाक बेकरने तिच्यावर चित्रपट काढला. नायक झाँ गाबँ, वय पन्नाशीचं. महायुद्धापूर्वीचा हा बिनीचा नट युद्धानंतर मागे पडला होता. या भूमिकेने त्याला पुन्हा वर आणलं.

गाबँचा मॅक्स हा दमलेला चोर आहे. ओर्ली विमानतळावरून सोन्याच्या आठ विटा उडवल्यात, आता निवृत्त व्हायचं. चित्रपटातला सर्वांत सुंदर प्रसंग दरोड्याचा नाहीच. मॅक्स आपल्या रितों नावाच्या मित्राला लपायच्या खोलीवर नेतो. दोघे कडक टोस्टला पाटे फासून खातात, वाइन पितात. मग मॅक्स त्याला पायजमा काढून देतो, दोघे दात घासतात आणि झोपतात. गाबँ हे इतक्या सावकाश करतो, की या दोघांची किती वर्षांची दोस्ती आहे, हे वेगळं सांगावं लागत नाही. म्हणूनच शत्रू रितोंला पळवून नेतात, तेव्हा मॅक्स मनातल्या मनात त्याच्या मूर्खपणावर चरफडतो आणि सगळं सोनं देऊन टाकायला निघतो.

इथे ‘लुटणे’चा मराठीतला दुसरा अर्थ, वाटून टाकणे, उपयोगी पडतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका ‘वाण लुटतात’. ‘यंदा काय लुटलंस?’ या प्रश्नाला ‘स्टीलच्या वाट्या’ असं उत्तर येतं, आणि कुणी पोलिसात जात नाही. पूर्वी कुंभाराचा अख्खा आवा लुटायची, म्हणजे भट्टीतली सगळी मडकी वाटून टाकायची, रीत होती. दसऱ्याला तर सोनं लुटायचं म्हणजे घ्यायचंही आणि द्यायचंही. सुरतेच्या उधना-लिंबायत भागात खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबं आहेत. ज्या शहराचं नाव लुटीशी कायमचं जोडलं गेलं, तिथेच आता मराठी बायका वाण लुटतात. गुजराती शेजारणीला हे क्रियापद कसं समजावून सांगत असतील, कोण जाणे.

‘ग्रिझ्बी’साठी मराठीत मी ‘घबाड’ घेईन. ‘माल’ फार सैल आहे, ‘डल्ला’ ही कृती झाली. घबाडाला पंचांगात शुभमुहूर्ताचाही मान आहे. मॅक्सला तो मुहूर्त काही लाभत नाही. सोनं जळत्या मोटारीत जातं आणि रितोंही वाचत नाही. ‘घबाडाला हात लावू नका’ हे शीर्षक मग धमकीइतकंच सल्ल्यासारखंही वाचता येतं.