बर्फावरचे पांघरूण

भिलाईच्या दक्षिणेस असलेल्या उतईच्या बाजारात वैशाखातल्या दुपारी एक दृश्य हमखास पाहावयास मिळते. पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि उसाच्या रसाच्या गाडीखाली ओल्या पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी निवांत पडलेली असते. पोते उलगडले की आत धानाच्या तुसाचा वीतभर थर. गाडीवाला तूस हाताने बाजूला सारतो, हवा तेवढा तुकडा फोडून घेतो, आणि लागलीच तूस पूर्ववत लोटून पोते आवळतो. सकाळी आणलेली लादी दिवेलागणीपर्यंत पुरते कशी, असे आम्ही एकदा विचारले. तो म्हणाला, ‘‘पुरते साहेब, फक्त कोणी सारखे उघडून पाहू नये.’’

हे उत्तर आम्ही विसरलोही असतो. परंतु त्याच सुमारास आमच्या एका सहकाऱ्याच्या भाच्याने बॉस्टनहून दोन छायाचित्रे पाठविली. दोन्ही एकाच क्रीडागृहाची. एकात लाकडी जमिनीवर बास्केटबॉलचा सामना चालला आहे. दुसऱ्यात, दुसऱ्या दिवशीच्या, त्याच जागी लख्ख बर्फ असून त्यावर हॉकीचे खेळाडू घसरत आहेत. एका रात्रीत एवढे बर्फ गोठविले कसे, असा प्रश्न आमच्या कचेरीत पडला. खुलासा असा आला की बर्फ गोठविलेच नव्हते. ते आदल्या दिवशीही तेथेच होते. बास्केटबॉलचे खेळाडू बर्फावरच खेळत होते. मध्ये एक पांघरूण होते, इतकेच.

या पांघरुणाची रचना समजून घेण्यासारखी आहे. अशा क्रीडांगणाच्या तळाशी काँक्रीट असते, त्यात नळ्यांचे जाळे असते व त्यांतून गोठणबिंदूच्या खाली थंड केलेले खारे पाणी किंवा तत्सम द्रव खेळविलेला असतो. त्यावर बर्फाचा थर सुमारे इंच-दीड इंचाचाच. त्याच्यावर उष्णतारोधक तक्ते मांडतात. प्रत्येक तक्त्याच्या कडेस खाच व जीभ असते. एकाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत बसली की अखंड जमीन तयार होते, आणि काम संपले की ती उकलून रचून ठेवता येते. खाचा-जिभांचा हा खटाटोप केवळ मजबुतीसाठी नव्हे. दोन तक्त्यांत फट राहिली तर दमट हवा बर्फाच्या गारव्यापर्यंत पोचते, तिच्यातले बाष्प निवळून जमिनीवर दव धरते, आणि खेळाडू घसरून पडतात. थंडी बाहेर येता कामा नये, ऊब आत जाता कामा नये, वर हजारोंचा भार पेलला पाहिजे, आणि सकाळी मागमूस राहता कामा नये, अशी या जमिनीची नोकरी. आमच्या वाचकांपैकी ज्यांची बदली दर तीन वर्षांनी होते, त्यांस तिच्याविषयी थोडी आपुलकी वाटेल.

बर्फाचा इतिहास म्हणून जे लिहिले जाते त्यात थंडी निर्माण करणाऱ्यांची नावे ठळक असतात. आम्हांस वाटते, तो इतिहास निम्मा तरी पांघरुणांचा आहे. एक ग्रॅम बर्फ वितळावयास ऐंशी कॅलरी उष्णता लागते. म्हणजे बर्फ मुळात चिवट आहे, त्यास उष्णतेपासून दूर ठेवले की पुरे. घोंगडी ऊब देत नाही, जी आहे ती राखते. बर्फाला गुंडाळली तर तीच थंडी राखील. लहान मुलास हे पटत नाही, आणि मोठ्यांसही ते पटावयास पुष्कळ काळ जावा लागला.

आपल्याकडे मात्र हे ज्ञान जुने होते. बंगालच्या फौजेचे सेनापती राहिलेले सर रॉबर्ट बार्कर यांनी १७७५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादेकडच्या बर्फ करण्याच्या रीतीचे वर्णन प्रसिद्ध केले. उघड्या माळावर तीस फूट चौरस व दोन फूट खोल खड्डे खणीत. तळाशी उसाची चिपाडे किंवा मक्याची वाळलेली ताटे आठ इंचांपासून फूटभर जाडीने पसरीत, आणि त्यावर मातीच्या उथळ, सच्छिद्र परळांत उकळून निवविलेले पाणी ठेवीत. डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या निरभ्र व निवांत रात्री, हवेचे उष्णतामान गोठणबिंदूच्या वर असतानाही, पहाटेपर्यंत परळांत बर्फाची पापडी धरे. पाणी आपली उष्णता उघड्या आकाशात टाकीत राही, आणि चिपाडांमुळे जमिनीची उष्णता त्याला मिळत नसे. ढग आले की काम फसे. जमलेले बर्फ चौदा-पंधरा फूट खोल खड्ड्यात, आधी गवत व मग जाड कांबळी यांचे अस्तर देऊन, ठोकून बसवीत. वर गवताचे छप्पर. म्हणजे बर्फ होताना खाली पांघरूण, आणि झाल्यावर चोहोबाजूंनी पांघरूण. यंत्राचा एक स्क्रूही नसताना उन्हाळ्यात सरबत थंड होई.

यानंतरची गोष्ट बॉस्टनची, आणि तिच्यातूनच आपण मुंबईस पोचतो. फ्रेडरिक ट्यूडर या बॉस्टनच्या तरुणाने १८०६ साली तेथल्या तळ्यातले सुमारे १३० टन बर्फ वेस्ट इंडीजमधील मार्टिनिक बेटावर धाडले. लोक हसले. बर्फ पोचले, परंतु उतरवून घेण्यास तेथे बर्फघरच नव्हते. ते बंदरात वितळून गेले व ट्यूडरला हजारो डॉलरांची खोट आली. पुढे कर्जापायी त्यास तुरुंगही पाहावा लागला. जहाजात पांघरूण असून भागत नाही, मुक्कामावरही असावे लागते, हा धडा त्याने त्यातून घेतला. मग तो पांघरुणे पारखीत बसला, आणि शेवटी मेन प्रांतातल्या लाकूड-गिरण्यांतला भुसा त्यास सर्वांत उपयोगी वाटला. तोवर हा भुसा गिरणीवाल्यांची अडचण होती. तळ्यातले पाणी फुकट, भुसा टाकाऊ. या दोहोंवर त्या माणसाने जगभराचा व्यापार उभा केला.

१२ मे १८३३ रोजी ‘टस्कनी’ हे जहाज १८० टन बर्फ घेऊन बॉस्टनहून कलकत्त्यास निघाले. चार महिन्यांचा प्रवास. विषुववृत्त दोनदा ओलांडावयाचे. जहाजाच्या पोटात फळ्यांची एक खोलीच बांधली होती. तिच्या दुहेरी भिंतींत चामडे कमावून उरलेला सालींचा चोथा ठासला होता, बर्फाचे चौरस चिरे एकमेकांस भिडवून फट न ठेवता रचले होते, आणि वर वाळलेले गवत पसरले होते. सप्टेंबरात जहाज पोचले तेव्हा सुमारे १०० टन शिल्लक होते. ज्या चिऱ्यांमधून हवा खेळली नाही ते टिकले. उतईचा गाडीवाला हेच सांगत होता. कलकत्त्याच्या सरकारनेही या वेळी अपवादात्मक तत्परता दाखविली. बर्फावरील जकात माफ झाली व ते रात्री उतरविण्याची परवानगी मिळाली. आमचा अनुभव जमेस धरता, एवढी टिपणी फिरावयास लागलेला वेळ हाच त्या सफरीतील खरा चमत्कार मानावा लागेल. गव्हर्नर जनरल लॉर्ड बेंटिंक यांनी बर्फाबरोबर आलेल्या रॉजर्स यांस चांदीचा पेला भेट दिला.

मुंबईत अमेरिकन बर्फ आले १८३४ साली. ते आणविले जहांगीर नसरवानजी वाडिया यांच्या पेढीने, आणि भाव रत्तलास चार आणे होता. जमशेटजी जिजीभाई यांनी लौकरच एक मेजवानी दिली व तीत आइस्क्रीम वाढले. यजमान व पाहुणे या सर्वांस सर्दी झाली, असे ‘मुंबई समाचार’ने काहीशा समाधानाने छापले. हा किस्सा मुंबईचा इतिहास लिहिणारे सर्व जण सांगतात, आम्हीही सांगितला. परंतु या सर्दीपायी एक गोष्ट झाकली जाते. १८४३ साली लोकवर्गणीतून गोदीसमोर बर्फघर बांधले गेले, आणि मुंबईची थंडी त्या इमारतीच्या भिंतींवर अवलंबून होती. घुमटाकार, जाड भिंतींची ती वास्तू म्हणजे दगडी पांघरूणच होते. तिच्यात ठेवलेल्या बर्फावर शहर पुढचे जहाज येईतो काढी. जहाज लांबले की टंचाई, आणि टंचाई झाली की आजाऱ्यासाठी राखलेले बर्फ इतरांस बंद. दमट किनाऱ्यावर मे महिन्याच्या तापात रोग्याच्या कपाळावर ठेवावयाचा तुकडा त्या भिंतींमुळे मिळत होता, याची नोंद जमशेटजींच्या सर्दीइतकी ठळक झाली नाही. गोदीपासून घुमटापर्यंत धावत बर्फ वाहणाऱ्या हमालांचीही नाही.

त्याच व्यापारातले मद्रासचे बर्फघर १८४२ साली समुद्रकिनारी बांधले. धंदा बसल्यावर ते बिळिगिरी अय्यंगार या वकिलांनी विकत घेऊन राहण्याजोगे केले. फेब्रुवारी १८९७ मध्ये परदेशाहून परतलेले स्वामी विवेकानंद तेथे उतरले, आणि आज ‘विवेकानंदर इल्लम’ म्हणून ते जतन केलेले आहे. मुंबईचे पाडले गेले. कामा प्राच्यविद्या संस्था ज्या भागात आहे तेथे ते होते. मद्रासेत बदली झालेल्या मराठी माणसाने ती गोल इमारत अवश्य पाहावी, आणि आपल्या शहराची कशी असेल हे तीवरून ताडावे. दुसरा मार्ग आपण ठेवलेला नाही, हे लिहिताना वाईट वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्फाचे कारखाने देशातच निघाले व बॉस्टनची जहाजे थांबली. त्याच सुमारास पांघरुणाने नवे काम धरले. जॉन गॅमजी नावाच्या इंग्रज पशुवैद्यास ऑस्ट्रेलियातले मांस गोठवून आणावयाचे होते. त्या खटपटीतून त्याने १८७६ साली लंडनच्या चेल्सी भागात यंत्राने गोठविलेले पहिले क्रीडांगण उघडले. त्याच्या नळ्यांचे कौतुक झाले. नळ्यांखाली मात्र माती, गाईचे केस व लाकडी फळ्या यांचे थर होते. अलाहाबादच्या खड्ड्यातील चिपाडांचे काम तेथे गाईचे केस करीत होते.

आपल्याकडील सर्वांत परिचित बर्फाचे क्रीडांगण म्हणजे सिमल्याचे. १९२० च्या सुमारास ब्लेसिंग्टन नावाच्या साहेबाने टेनिसच्या मैदानावर पाणी सोडून ते सुरू केले. तेथे नळ्या नाहीत, यंत्र नाही. रात्री पाणी शिंपावयाचे, आकाश निरभ्र असेल तर ते गोठते. अभ्र आले की गोठत नाही. अगदी बार्करच्या परळांसारखे. म्हणून खेळ सकाळी व संध्याकाळी, आणि हिवाळा सौम्य झाला की त्याचे दिवसच घटतात, असे अलीकडे वारंवार होते. उलट देहरादूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी खेळांसाठी यंत्राचे बंदिस्त क्रीडांगण बांधले, आणि विजेचा व देखभालीचा खर्च न पेलल्याने ते अनेक वर्षे कुलुपात राहिले. २०२५ साली पुन्हा उघडले. यंत्र असूनही बर्फ राखणे ही स्वतंत्र विद्या आहे, एवढे यावरून दिसते. ज्या सभागृहात आज बर्फ, उद्या बास्केटबॉल, परवा गाण्याचा जलसा होतो, त्याचा खर्च निघतो. आणि ते शक्य होते ते त्या खाचेच्या तक्त्यांमुळे.

बॉस्टनने हे आधीच ओळखले होते. १९४६ साली तेथील बास्केटबॉल संघासाठी लाकडी जमीन करावयाची होती. महायुद्धामुळे लाकडाचा तुटवडा. म्हणून ओकचे उरलेसुरले आखूड तुकडे उभे-आडवे जोडून पाच फूट चौरसाचे २४७ तक्ते केले. १९५२ पासून ही जमीन बॉस्टन गार्डनमध्ये आली व हॉकीच्या बर्फावर अंथरली जाऊ लागली. ९८८ खिळपट्टे घट्ट करावयाचे आणि खेळ संपला की सोडवावयाचे. उभ्या-आडव्या तुकड्यांची ती नक्षी पुढे त्या संघाचे बोधचिन्हच झाली, आणि १९९९ पर्यंत ती वापरात होती. ट्यूडरचा भुसा आणि हे तुकडे यांत एका शहराचे शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. माल एकच, लाकूड कापून उरलेला.

भिलाईत १९५९ पासून भट्ट्या पेटल्या आहेत. तेथे आच आत कोंडावयाची म्हणून विटांचे अस्तर असते. येथे, दहा-बारा किलोमीटरवर, आच बाहेर रोखावयाची म्हणून तूस. गिरणीत धान भरडून उरलेले ते तूस गाडीवाला पोत्याने आणतो. काल संध्याकाळी आम्ही गेलो तेव्हा लादी संपली होती. त्याने ओले पोते झाडले, तूस फाडीव ताडपत्रीवर पसरले आणि त्यावर चार दगड ठेवले. सकाळच्या उन्हात वाळले की उद्याच्या लादीला तेच लागणार होते.