कट्टुमरम: बांधलेलं लाकूड

गेटवेवरून मांडव्याला निघालेला माणूस तिकिटाच्या खिडकीशी सहज ‘कॅटमरान’ मागतो. शब्द इंग्रजी वाटतो, पण त्याचं माहेर चेन्नईच्या वाळूत आहे. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणं, ‘मरम’ म्हणजे लाकूड.

आणि वस्तूही तेवढीच. हलक्या लाकडाचे तीन-चार-पाच ओंडके शेजारीशेजारी ठेवून दोरीनं करकचून आवळायचे. ना खिळा, ना पोकळ पोट. लाट अंगावर आली तरी पाणी फटींतून निघून जातं, उपसायला काही उरतच नाही. नाखवा त्यावर गुडघे टेकून वल्हं मारतो. परतल्यावर दोऱ्या सोडून ओंडके वाळूत वाळत घालायचे, कारण लाकूड पाणी पिऊन जड होतं. रोज मोडायची आणि रोज बांधायची नाव! मला याहून शहाणी नाव ठाऊक नाही.

आपल्या कोकणात होडी खाडीत शिरली की आडोसा मिळतो. मद्रासच्या उघड्या किनाऱ्यावर थेट फुटणाऱ्या लाटा. १६३९ साली ईस्ट इंडिया कंपनीनं इथं जागा मिळवली, पण बंदर नव्हतं. गलबतं दूर नांगर टाकत आणि काथ्यानं शिवलेल्या फळ्यांच्या मसुला बोटी माणसं, माल किनाऱ्याला आणत. समुद्र खवळून त्याही थांबल्या, की कट्टुमरमवाले पत्रं टोपीत कोरडी सांभाळत जहाज गाठत.

विल्यम डॅम्पियर या खलाशानं १६९७च्या आपल्या प्रवासग्रंथात या नावेची नोंद केली आणि शब्द इंग्रजीत रुजला. पुढे १८७६ साली अमेरिकेत नॅथनेल हेरशॉफनं दोन होड्या वरून जोडल्यासारखी शिडाची नाव शर्यतीत उतरवली. तसली जोडनाव मुळात पॅसिफिक बेटांवरची, पण नाव चिकटलं ते आपल्या तमिळ ओंडक्यांचं. मांडव्याची कॅटमरान त्याच जोडनावेच्या वंशातली.

इकडे मद्रासला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धक्के बांधून बंदर केलं. किनाऱ्यालगत उत्तरेकडे वाहणारी वाळू धक्क्याला अडून दक्षिणेला साचत गेली. आज ज्या मरीना चौपाटीवर लोक हवा खायला येतात, तिचा ऐसपैस पट्टा या वाळूनंच रुंदावला. तिकडे धक्क्याच्या उत्तरेला रोयापुरमकडचा किनारा मात्र खचत राहिला.

मरीनाच्या दक्षिण टोकाशी नोचिकुप्पम ही कोळ्यांची वस्ती आहे. २००४च्या त्सुनामीनंतर या किनाऱ्यावर मदतीतून फायबरच्या बोटी भराभर आल्या. कट्टुमरम विरळ झालं. फायबरच्या बोटीला इंजिन असतं, ती लांब जाते, आणि घरी परतल्यावर तिच्या दोऱ्या सोडाव्या लागत नाहीत.