डाळिंबाचा स्क्वॅश, सिरप आणि जेली : घटकांचे प्रमाण व लेबलचे नियम

आटपाडी हा सांगली जिल्ह्यातील पर्जन्यछायेचा तालुका. कमी पावसाच्या या भागात डाळिंब हे प्रमुख नगदी पीक आहे. तोडणीनंतर प्रतवारी करताना उन्हाने डागाळलेली, सालीला तडे गेलेली किंवा आकाराने लहान राहिलेली फळे बाजूला पडतात. या डागी मालाला कमी भाव मिळतो, पण आतला दाणा चांगला असेल तर त्यापासून रस, स्क्वॅश, सिरप किंवा जेली करता येते. अनेक बचत गट व शेतकरी उत्पादक कंपन्या या उद्योगाकडे वळत आहेत. मात्र पदार्थ उत्तम होऊनही चुकीचे नाव किंवा अपुरे लेबल यामुळे माल अडकू शकतो. त्यासाठी पुढील नियम माहीत असावेत.

नाव ठरले की प्रमाण ठरते

अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ साली झाला. त्याखालील २०११ च्या अन्नपदार्थ मानकांच्या नियमांत फळप्रक्रिया पदार्थांचे किमान प्रमाण दिले आहे. बाटलीवर जे नाव छापाल, त्या नावाचे प्रमाण पाळावे लागते.

- स्क्वॅश : फळाचा रस किमान २५ टक्के, एकूण विद्राव्य घटक म्हणजे टीएसएस किमान ४० टक्के
- क्रश : रस किमान २५ टक्के, टीएसएस किमान ५५ टक्के
- फळांचे सिरप किंवा शरबत : रस किमान २५ टक्के, टीएसएस किमान ६५ टक्के
- पिण्यास तयार पेय (आरटीएस) : रस किमान १० टक्के
- जॅम व जेली : फळाचे प्रमाण किमान ४५ टक्के, टीएसएस किमान ६५ टक्के

स्क्वॅश, क्रश व सिरपमध्ये आम्लता ३.५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी.

येथे एक घोटाळा नेहमी होतो. आपल्याकडे सरबत म्हणजे पाणी घालून लगेच प्यायचे पेय. नियमातील शरबत मात्र सिरपइतके घट्ट, ६५ टक्के टीएसएसचे असते. त्यामुळे पातळ, पिण्यास तयार पेयाच्या बाटलीवर ‘डाळिंब सरबत’ छापू नये. ते पेय आरटीएसच्या नावाने विकावे.

हा नियम शेतकऱ्याच्या फायद्याचा का?

१ टन स्क्वॅश करायचा तर किमान २५० किलो रस लागतो. १०० किलो फळांपासून ४० किलो रस धरला, तर त्यासाठी ६२५ किलो डाळिंब विकत घ्यावे लागते. साखर, पाणी आणि रंग घालून १० टक्के रसाचा स्क्वॅश विकला तर २५० किलो फळांत काम भागते. म्हणजे दर टनामागे ३७५ किलो डागी मालाची मागणी बुडते आणि ग्राहकाचीही फसवणूक होते. युरोपीय संघातही जॅमच्या नावाशी फळाचे प्रमाण बांधलेले आहे. २००१ च्या निर्देशात १ किलो साध्या जॅमसाठी किमान ३५० ग्रॅम फळ होते, २०२४ च्या दुरुस्तीत ते ४५० ग्रॅम करण्यात आले.

१० किलो स्क्वॅशचे गणित

नेमके किमान प्रमाण धरू नये. फळाची गोडी बहारानुसार बदलते, म्हणून थोडी वाढ ठेवावी. रसाचा ब्रिक्स १५ असेल तर पुढील प्रमाण घ्यावे.

- डाळिंब रस : ३ किलो
- साखर : ३.९५ किलो
- पाणी : २.९५ किलो
- सायट्रिक आम्ल : १०० ग्रॅम

यात रस ३० टक्के आणि टीएसएस सुमारे ४५ टक्के येतो. साखर, पाणी व आम्लाचा पाक करून गाळावा आणि थंड झाल्यावर रस मिसळावा. पाक उकळताना पाणी उडते, म्हणून शेवटी वजन करून तूट भरावी. प्रत्येक घाण्याचा ब्रिक्स हातातील रिफ्रॅक्टोमीटरने मोजून बॅच क्रमांकासह वहीत लिहावा.

गंधकयुक्त परिरक्षकाने डाळिंबाचा लाल रंग फिका पडतो. म्हणून सोडियम बेंझोएट वापरतात. त्याची कमाल मर्यादा पदार्थाच्या वर्गानुसार ठरते. ती पाहूनच वजन करावे, चिमटीने टाकू नये. डाळिंबाच्या रसात पेक्टिन कमी असते, त्यामुळे जेलीत वेगळे पेक्टिन घालावे लागते व ते लेबलवर लिहावे लागते.

तेल्यामुळे तडकून आतून कुजू लागलेली किंवा बुरशी आलेली फळे रसासाठी वापरू नयेत. फळ फोडल्यावर प्रत्येक फळातील दाणे पाहूनच घ्यावेत.

लेबलवर काय असावे?

२०२० च्या लेबलिंग व प्रदर्शन नियमांनुसार आणि वैधमापन विभागाच्या २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांनुसार पुढील माहिती द्यावी.

१. पदार्थाचे खरे नाव. ब्रँडचे नाव वेगळे असले तरी ‘डाळिंब स्क्वॅश’ हे स्पष्ट हवे.
२. घटकांची यादी, वजनाच्या उतरत्या क्रमाने. वरील उदाहरणात साखर सर्वांत जास्त आहे, म्हणून ती पहिली येते : साखर, डाळिंब रस (३० टक्के), पाणी, आम्लता नियामक (३३०), परिरक्षक (२११). रसाचे नाव पुढे आणण्यासाठी क्रम बदलू नये.
३. लेबलवर डाळिंबाचे चित्र किंवा ठळक नाव असेल तर रसाची टक्केवारी.
४. पोषणमूल्यांची माहिती.
५. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका, हे शाकाहारी चिन्ह.
६. उत्पादकाचे नाव, पूर्ण पत्ता, प्राधिकरणाचे बोधचिन्ह व १४ अंकी क्रमांक.
७. निव्वळ वजन किंवा माप, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख व वापरण्याची अंतिम तारीख.
८. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत, एकक विक्री किंमत, ग्राहक तक्रारीसाठी संपर्क.
९. साठवण व वापराची सूचना, उदाहरणार्थ पाणी किती मिसळावे.

ही माहिती इंग्रजीत किंवा देवनागरीतील हिंदीत असणे बंधनकारक आहे. मराठी मजकूर जोडीला देता येतो, केवळ मराठी लेबल चालत नाही.

दावे जपून करावेत

‘रक्त वाढवते’, ‘हृदयरोग बरा करते’ असे लेबलवर किंवा जाहिरातीत लिहू नये. पाणी मिसळून परत तयार केलेल्या रसावरील ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढून टाकण्याचे आदेश प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये दिले. रसात किलोमागे १५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर घातली असेल तर तो गोड केलेला रस असल्याचे लेबलवर सांगावे लागते.

दंड

कमी दर्जाच्या अन्नासाठी कलम ५१ खाली ५ लाख रुपयांपर्यंत, चुकीच्या लेबलसाठी कलम ५२ खाली ३ लाखांपर्यंत आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी कलम ५३ खाली १० लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. १० टक्के रसाचा ‘स्क्वॅश’ पहिल्या दोन्ही कलमांत सापडू शकतो.

छपाईपूर्वी

आधी फॉसकॉस संकेतस्थळावर नोंदणी किंवा परवाना घ्यावा. उलाढालीची मर्यादा अर्जाच्या वेळी तपासावी. पहिल्या घाण्याचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्यावा. रस, टीएसएस, आम्लता व परिरक्षकाचा अहवाल हाती आल्यावरच पदार्थाचे नाव पक्के करावे आणि मग लेबल छापावे. हजारो लेबले आधी छापून पदार्थ त्यात बसवायला गेल्यास नुकसान गटाचेच होते.