एका रेडिओचें गुपित

इ. स. १९२९ मध्यें एरिख केस्टनर या जर्मन लेखकानें 'एमिल आणि गुप्तहेर' या नांवाची कुमारांसाठीं एक कादंबरी प्रसिद्ध केली. बर्लिनला निघालेल्या एका शाळकरी मुलाचे १४० मार्क आगगाडींत चोरीस जातात. बर्लिनमधलीं मुलें टोळी करून चोराचा माग काढतात. अखेर चोर पोलिसांच्या हातीं लागतो आणि मुलाला बक्षीस मिळतें. गुपित राखणें हा त्या कथेंत एक खेळ आहे. तें फुटलें तरी कोणाचें नुकसान व्हावयाचें नाहीं, कारण पोलीस व कायदा मुलांच्याच बाजूला उभे आहेत. पुढें चारच वर्षांनीं, १९३३ च्या मे महिन्याच्या १० तारखेस, बर्लिनच्या एका चौकांत याच लेखकाचीं पुस्तकें अग्नीच्या स्वाधीन करण्यांत आलीं, आणि तो स्वतः गर्दींत उभा राहून तें दृश्य पाहत होता. ज्या देशांतील मुलें कादंबरींत विश्वासानें पोलिसांकडे गेलीं, त्याच देशांत १९४१ सालीं कांहीं मुलांवर पोलिसांपासूनच एक गुपित लपविण्याची पाळी आली. तें गुपित म्हणजे एक रेडिओ होता.

रेडिओ ही त्या राज्यांत दुर्मिळ वस्तु नव्हती. उलट, ती घरोघर पोंचावी अशी सरकारचीच इच्छा होती. १९३३ च्या ऑगस्टमध्यें 'जनतेचा रेडिओ' म्हणून ७६ मार्कांचें एक यंत्र बाजारांत आणण्यांत आलें. त्याच्या नांवापुढील ३०१ हा आंकडा हिटलर ज्या दिवशीं अधिकारारूढ झाला त्या ३० जानेवारीचें स्मारक होता. १९३८ सालीं त्याहूनहि लहान असें ३५ मार्कांचें यंत्र निघालें. या यंत्रांवर लघुलहरी ऐकूं येत नसत. राज्यकर्त्यांचा आवाज प्रत्येक स्वयंपाकघरांत पोंचावा, परंतु दूरचा आवाज सहसा येऊं नये, अशी ही योजना होती. १ सप्टेंबर १९३९ रोजीं युद्धास तोंड लागलें आणि त्याच तारखेच्या एका हुकुमानें परदेशी केंद्रें ऐकणें हा गुन्हा ठरला. नुसतें ऐकण्यास सक्तमजुरी, आणि ऐकलेली बातमी पसरवून राष्ट्राच्या प्रतिकारशक्तीस धोका आणल्यास देहान्ताची शिक्षा, अशी त्यांत तरतूद होती. त्याची आठवण रहावी म्हणून यंत्रांच्या कळींना छापील इशाऱ्याच्या चिठ्ठ्या अडकविण्यांत आल्या.

हेल्मुट ह्यूबेनर याचा जन्म हँबुर्ग शहरांत ८ जानेवारी १९२५ रोजीं झाला. तो बहुतेक आजी-आजोबांच्या घरीं वाढला. घराणें मॉर्मन पंथाचें होतें, व त्या लहानशा मंडळींतच त्याला दोन जिवलग मित्र मिळाले : कार्ल-हाइन्झ श्निबे आणि रूडोल्फ वोब्बे. हेल्मुटची बुद्धि तीव्र होती. शाळा संपतांच तो शहराच्या समाजकल्याण खात्याच्या कचेरींत उमेदवार म्हणून लागला. हिटलरच्या युवक संघटनेंत त्याचेंहि नांव होतें. तथापि १९३८ च्या नोव्हेंबरांत ज्यू लोकांचीं दुकानें फोडून प्रार्थनामंदिरें जाळण्यांत आलीं तेव्हांपासून त्याचें मन त्या संघटनेवरून उडालें. पुढें त्याच्या स्वतःच्या मंडळीच्या दारावरहि ज्यूंना प्रवेश नसल्याची पाटी लागली. जेथें बंधुभाव शिकावयाचा तेथेंच ती पाटी वाचावी लागली, हा आघात त्याच्यासारख्या मुलाला लहान नव्हता.

त्याच्या सैनिक भावानें फ्रान्समधून एक रेडिओ आणला होता. भाऊ पुन्हां कामगिरीवर गेला आणि रेडिओ घरांत राहिला. १९४१ च्या उन्हाळ्यांत, आजी-आजोबा झोंपल्यावर, हेल्मुट तो लावून लंडनच्या केंद्रावरील जर्मन भाषेंतील बातम्या ऐकूं लागला. पुढें त्यानें मित्रांसहि बोलावलें. श्निबे त्या वेळीं १७ वर्षांचा व वोब्बे १५ वर्षांचा होता. या मुलांना खरें-खोटें पारखण्याचें एक साधें गमक सांपडलें. जर्मन वार्तापत्रांत केवळ शत्रूच्याच हानीचे आंकडे येत. लंडनहून मात्र इंग्रजांच्या स्वतःच्या हानीचीहि कबुली दिली जाई. जो आपलें नुकसान सांगतो त्याचें बोलणें अधिक विश्वासार्ह, एवढा हिशेब त्यांना पुरेसा झाला.

येथपर्यंतचें गुपित शेंकडों घरांत राखलें जात होतें. भिंतीला कान असतात हें ओळखून माणसें आवाज अगदीं बारीक करून ऐकत आणि सकाळीं मुकाट्यानें कामावर जात. हेल्मुटला तेवढ्यानें समाधान होईना. जें कळलें तें आपल्यापाशींच ठेवणें म्हणजे त्या लबाडींत भागीदार होणें, असें त्याला वाटलें असावें. कारण त्यानें बातम्यांचीं लघुलेखनांत टिपणें घेऊन पत्रकें तयार करण्यास आरंभ केला. मंडळीच्या कामासाठीं त्याच्याकडे दिलेलें टंकलेखन यंत्र उपयोगी पडलें. काळे कागद घालून एका वेळीं अनेक प्रती काढतां येत. कांहीं पत्रकें चार ओळींचीं, तर कांहीं युद्धाच्या परिस्थितीचा सविस्तर आढावा घेणारीं होतीं. अटक होईपर्यंतच्या कांहीं महिन्यांत अशीं सुमारें ६० निरनिराळीं पत्रकें निघालीं. टेलिफोनच्या खोल्या, टपालाच्या पेट्या, जाहिरातींचे फलक, खुंटीवर टांगलेल्या कोटांचे खिसे, जेथें संधि मिळेल तेथें मित्र तीं ठेवून येत.

या ठिकाणीं त्या गुपिताचें विलक्षण स्वरूप ध्यानांत येतें. गुपित म्हणजे न सांगण्याची गोष्ट. परंतु या मुलांचें गुपित सांगण्यासाठींच होतें. बातमी साऱ्या शहरानें वाचावी, आणि ती कोणाच्या हातून आली हें मात्र कोणालाहि कळूं नये, असा तो दुहेरी उद्योग होता. जितकीं अधिक माणसें वाचतील तितका हेतु सफल, आणि तितकाच फांस जवळ. म्हणूनच मुलांनीं आपसांत एक करार केला होता : जो पकडला जाईल त्यानें सारा दोष स्वतःवर घ्यावा.

गेरहार्ड ड्यूवर हा कचेरींतील सोबतीहि पुढें या कामांत आला होता. त्या पत्रकांचें फ्रेंच भाषेंत रूपांतर करून तीं युद्धकैद्यांपर्यंत पोंचवावीं असा हेल्मुटचा विचार होता. त्याच खटपटींत कचेरींतील एका वरिष्ठाला संशय आला व त्यानें गुप्त पोलिसांना वर्दी दिली. ५ फेब्रुवारी १९४२ रोजीं हेल्मुटला कचेरींतच अटक झाली. चौकशींत त्याला मारहाण झाली. कांहीं दिवसांतच इतर दोघे मित्रहि धरले गेले. परंतु करारास स्मरून हेल्मुटनें अपराधाचा मुख्य भार आपल्याच शिरावर ठेवला. त्याच्या मंडळीच्या स्थानिक प्रमुखानें मात्र घाईघाईनें त्याला बहिष्कृत केलें. भीतीनें माणसें किती लवकर हात झटकतात याचा हा एक मासला होय. हा बहिष्कार १९४६ सालीं रद्द झाला. तेव्हां तो ऐकावयास हेल्मुट नव्हता.

११ ऑगस्ट १९४२ रोजीं बर्लिनच्या 'लोकन्यायालया'पुढें खटला चालला. आरोपीचें वय १७. तथापि त्याची बुद्धि वयाच्या मानानें फार पुढें गेलेली आहे, सबब त्याला प्रौढाप्रमाणेंच शिक्षा दिली पाहिजे, असें न्यायाधीशांनीं ठरविलें. मुलाची हुशारी हाच त्याच्याविरुद्ध पुरावा झाला! वोब्बेला १० वर्षांची, श्निबेला ५ वर्षांची व ड्यूवरला ४ वर्षांची शिक्षा झाली. हेल्मुटला देहान्त. श्निबेनें पुढें सांगितलेल्या आठवणीप्रमाणें, निकाल ऐकल्यावर हेल्मुट न्यायाधीशांना म्हणाला कीं, कांहीं अपराध नसतां आज मला मरावें लागत आहे, परंतु तुमचीहि वेळ येईल. २७ ऑक्टोबर रोजीं दुपारीं दयेचा अर्ज नामंजूर झाल्याचें त्याला कळविण्यांत आलें. राहिलेल्या वेळांत त्यानें आप्तांना पत्रें लिहिलीं. त्याच सायंकाळीं आठ वाजून गेल्यावर प्लट्झेनझे येथील तुरुंगांत त्याचा शिरच्छेद झाला. पुढच्या वर्षीं हँबुर्गवरील हवाई हल्ल्यांत त्याची आई आणि आजी-आजोबाहि प्राणांस मुकलीं.

दोघे मित्र वांचले. युद्धानंतर ते अमेरिकेस गेले आणि त्यांनीं आपल्या आठवणी ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. ग्युंटर ग्रास या कादंबरीकारानें १९६९ सालच्या आपल्या एका कादंबरींत हेल्मुटची हकीकत आणली. २००८ मध्यें सुसान कँपबेल बार्टोलेटी या अमेरिकन लेखिकेनें त्याच्यावरच कुमारांसाठीं एक कादंबरी लिहिली. हँबुर्गमधील एका शाळेस त्याचें नांव देण्यांत आलें आहे. अशा रीतीनें ही कथा पुन्हां कुमारांच्या वाचनांत येऊन पोंचली आहे.

परंतु केस्टनरच्या कादंबरींत आणि हिच्यांत एक मोठें अंतर राहतें. तेथें मुलें चोराचा माग काढतात व मोठीं माणसें त्यांचें कौतुक करतात. येथें चोरीस गेली होती ती खरी बातमी. तिचा माग मुलांनींच काढला, आणि मोठ्या माणसांपैकीं एकानें वर्दी दिली, एकानें बहिष्कार घातला, एकानें शिक्षा सुनावली. यांतील बहुतेकांना सत्य ठाऊक नव्हतें असें मानणें कठीण आहे. तें ठाऊक असूनहि न बोलण्याची संवय त्यांना जडली होती. हेल्मुटला ती जडली नाहीं. त्यानें आपल्या मित्रांचें रक्षण होईल तेवढें मौन राखलें, आणि देशबांधवांना कळणें अवश्य होतें तें बोलून दाखविलें. कोणती गोष्ट लपवावी आणि कोणती लपवूं नये, हा विवेक त्याला सतराव्या वर्षीं साधला होता. ज्या न्यायाधीशांनीं त्याच्या बुद्धीला प्रौढ ठरविलें, त्यांचें तेवढें एक विधान खरें होतें.