रेडिओच्या पेटीवरचं वर्तुळ

आमच्या मिरजेच्या घरात माडीवर एक रेडिओ कित्येक वर्षं जुन्या चादरीत गुंडाळून पडला होता. अब्बा गेल्यावर घराची आवराआवर सुरू झाली, तेव्हा धाकटा भाऊ म्हणाला, "भाईजान, उद्या भंगारवाला येणार आहे. यातून थोडं तांबं निघेल." मी चादर बाजूला केली. ठाण्याच्या कारखान्यात बनलेला व्हॉल्व्हचा मर्फी, लाकडी पेटीचा. एका कोपऱ्यावरचा लाकडाचा पापुद्रा सुटला होता, पुढचं कापड काळवंडलं होतं आणि वरच्या फळीवर कपाच्या बुडाएवढं एक पांढरं वर्तुळ होतं. भावाला म्हटलं, "राहू दे, मी बघतो."

बघतो म्हणालो खरा, पण मला यातलं काहीच येत नव्हतं. मी बी.ए. झालेला, कविता करणारा माणूस. खिळा ठोकायला गेलो तर हातोडी हमखास अंगठ्यावर बसते. तरी त्या पेटीपायी पुढचे आठ-नऊ महिने मी जे शिकलो, त्यातलं थोडं आज सांगणार आहे.

पहिली गोष्ट म्हणजे रेडिओची पेटी हे नुसतं वेष्टन नसतं. आपल्याकडे मुंबईचं नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झालं. त्या काळात कार्यक्रम ऐकायचा तर कानाला हेडफोन लावा, नाहीतर ग्रामोफोनसारखा कर्णा जोडा, असा मामला होता. पण त्याआधी दोनच वर्षं, १९२५ मध्ये, अमेरिकेतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन इंजिनिअरांनी नव्या तऱ्हेच्या स्पीकरची मांडणी प्रसिद्ध केली होती. कागदाचा शंकू, त्याच्या टोकाला तारेचं वेटोळं आणि वेटोळ्याभोवती चुंबक. आजही घराघरातले बहुतेक स्पीकर याच तत्त्वावर चालतात.

या शंकूची एक खोड आहे. तो पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. मागची लाट कडेने वळून पुढच्या लाटेला भेटते आणि दोघी एकमेकींना मारतात. विशेषतः खर्जाचे आवाज मरतात. म्हणून शंकूच्या भोवती एक फळी लागते. पुढची आणि मागची हवा लवकर भेटू नये, एवढंच तिचं काम. फळी जितकी मोठी, तितका खर्ज चांगला. पण घरात दाराएवढी फळी कोण ठेवणार? मग फळीच्या कडा मागे वळवल्या आणि तिची पेटी झाली. सुरुवातीला स्पीकर वेगळ्या खोक्यात असे आणि ते खोकं रेडिओशेजारी किंवा रेडिओवर ठेवत. १९३० नंतरच्या काही वर्षांत दोघांचा संसार एकाच पेटीत मांडला गेला. मागची बाजू मात्र भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याची, कारण व्हॉल्व्ह तापतात आणि त्यांना वारा लागतो.

हे मला पुस्तकातून पटलं नव्हतं. गावातल्या एका जुन्या मेकॅनिककडे रेडिओ नेला, तेव्हा त्यांनी आतलं यंत्र दुरुस्त करून स्पीकर टेबलावर उघडाच ठेवून वाजवला. निवेदकाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून यावा तसा आला. मग त्यांनी तोच स्पीकर पेटीत बसवला. तोच निवेदक, तेच वाक्य, पण आता माणूस समोर बसून बोलत होता. मेकॅनिक हसून म्हणाले, "अर्धा रेडिओ मी दुरुस्त केला. उरलेला अर्धा लाकडाचा, तो तुम्ही बघा."

हे लाकूड कुठून आलं, याचाही इतिहास आहे. मर्फी ही मूळची इंग्लंडमधली कंपनी, १९२९ मध्ये निघालेली. तिच्या पेट्यांची रचना आर. डी. रसेल यांनी केली. ते फर्निचर बनवणाऱ्या घराण्यातले. त्यांचे थोरले भाऊ गॉर्डन रसेल हे तिकडचे नामांकित फर्निचरकार. रेडिओ म्हणजे दिवाणखान्यातली एक वस्तू, तिने कपाटा-टेबलाच्या पंगतीत शोभलं पाहिजे, असा तो विचार होता. आतून प्लायवूड आणि वरून अक्रोडासारख्या उंची लाकडाचा पातळ पापुद्रा. आपल्याकडेही रेडिओ घरात आला तो असाच, मानाचा पाहुणा म्हणून. त्याला भिंतीवर फळी असायची, अंगावर क्रोशाचं विणलेलं झाकण असायचं. आणि तो बाळगायला पोस्टात वर्षाला पैसे भरून परवाना घ्यावा लागे. अब्बांची परवान्याची पुस्तिका पेटीच्या मागेच खोचलेली सापडली, तिकिटं चिकटवलेली.

आता कामाकडे वळतो. घरी असा जुना रेडिओ असेल तर एक कळकळीची विनंती. तो लगेच विजेला जोडून बघू नका. जुने कंडेन्सर बिघडलेले असतात आणि काही सेटांमध्ये आतल्या धातूच्या सांगाड्यातच वीज उतरते. प्लग काढलेला असला तरी कंडेन्सरमध्ये वीज साठून राहू शकते. म्हणून यंत्र आणि स्पीकर जाणत्या माणसाकडून बाहेर काढून घ्यावेत. रिकामी पेटी मात्र आपण घरी हाताळू शकतो.

मी आधी बाजारातून सँडपेपर आणि वॉर्निशचा डबा आणला. पेटी खरवडून नवी कोरी करायची, असा बेत. सुदैवाने ती घेऊन सतारमेकरांच्या गल्लीत गेलो. मिरजेच्या सतारी आणि तानपुरे देशभर जातात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे एक चाचा आहेत, जन्मभर तानपुऱ्यांना पॉलिश केलेले. त्यांनी माझ्या हातातला सँडपेपर बघितला आणि म्हणाले, "शायरसाहेब, हा कागद घरी कविता लिहायला ठेवा. वरचा पापुद्रा किती जाड आहे ठाऊक आहे? दहा वेळा घासलंत तर खालचा प्लायवूड दिसेल. मैल काढा, रंग काढू नका."

मग त्यांनी मला पहिली परीक्षा शिकवली. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिटचा थेंब घेऊन, दिसणार नाही अशा जागी टेकवायचा. पॉलिश चिकट झालं तर ते लाखेचं. नाही झालं तर बहुधा कारखान्यात फवारलेलं लॅकर. आम्ही बाजूच्या फळीला बोळा लावला, काही फारसं हललं नाही. वरच्या फळीला लावला तर बोट चिकटलं. चाचा थांबले. म्हणाले, "वरची बाजू कारखान्याची नाही. ही कुणीतरी हाताने केली आहे. ही आमच्या गल्लीची लाख आहे."

लाख म्हणजे झाडाच्या कोवळ्या फांद्यांवर राहणाऱ्या बारीक किड्यांनी स्रवलेलं राळेसारखं द्रव्य. झारखंड-छत्तीसगढच्या पळस-कुसुमाच्या झाडांवरून ती गोळा होते. रांचीजवळ १९२४ पासून तिच्या संशोधनाची संस्था आहे. ती शुद्ध करून पातळ पत्रे केले की झाला चपडा. बायकांच्या हातातल्या लाखेच्या बांगड्या, ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या आणि तानपुऱ्याचं पॉलिश, सगळ्यांत हीच लाख. म्हणजे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेत ज्या तानपुऱ्यांच्या संगतीत गात, त्यांच्या अंगावर आणि ज्या तबकड्यांवर त्यांचा आवाज उतरला, त्या तबकड्यांच्या पोटात एकच वस्तू होती.

मी चाचांना विचारलं, तानपुऱ्याचं आणि रेडिओचं लाकूड यांत फरक काय? ते म्हणाले, "तानपुऱ्याच्या लाकडाने बोलायचं असतं. रेडिओच्या लाकडाने गप्प बसायचं असतं. पण लाकूड आहे, अगदी गप्प बसत नाही." जुन्या रेडिओच्या आवाजाला आपण ऊब म्हणतो, तिच्यातला एक वाटा या न ऐकणाऱ्या लाकडाचा असावा.

घरी येऊन अम्मीला विचारलं, रेडिओची वरची बाजू कुणी पॉलिश केली होती? ती ऐंशीच्या घरातली, पण आठवण लखलखीत. म्हणाली, तो रेडिओ अब्बांनी एका मास्तरांकडून जुना घेतला होता. १९५५-५६ साली पुणे केंद्रावरून दर आठवड्याला गीतरामायण व्हायचं, तेव्हा मास्तरांच्या घरचे लोक रेडिओला हार घालत आणि वर उदबत्ती लावत. वरची फळी राखेने आणि चटक्यांनी खराब झालेली, म्हणूनच रेडिओ स्वस्तात मिळाला. अब्बांनी ती गल्लीतल्या कारागिराकडून पुन्हा पॉलिश करून घेतली. मी कंदील लावून बारकाईने पाहिलं. पॉलिशच्या खाली, मागच्या कडेला, एक तपकिरी ठिपका खरंच होता.

"आणि हे पांढरं वर्तुळ?" मी विचारलं.

"ते कोयनेच्या भूकंपाचं."

११ डिसेंबर १९६७. पहाटे चार वाजून गेले होते. जमीन हलली आणि सगळी गल्ली रस्त्यावर आली. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, दीडशेहून अधिक माणसं गेली, हे नंतर कळलं. त्या पहाटे कुणाला काहीच ठाऊक नव्हतं. उजाडल्यावर शेजारचे दहा-बाराजण बातम्या ऐकायला आमच्या खोलीत जमले. अम्मीने चहा केला होता. अब्बांनी कढत चहाचा कप रेडिओवर ठेवला आणि बातम्या संपेपर्यंत तो तसाच राहिला. लाखेचं पॉलिश उष्णता आणि ओल लागली की पांढरं पडतं. माझा जन्म त्यानंतर दोन वर्षांनी झाला. मला ते वर्तुळ कधी दिसलंच नव्हतं, कारण त्यावर कायम क्रोशाचं झाकण असे.

पुढचं काम सावकाश चाललं. साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्याने एकेक हात जागा पुसली. पाणी जास्त झालं तर पापुद्रा सुटतो. सुटलेला कोपरा सरसाने चिकटवून, वर कागद आणि फळी ठेवून, दळणाच्या डब्याखाली रात्रभर दाबला. चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून, मलमलीतून गाळून, कापसाच्या बोळ्याला फडकं गुंडाळून अगदी पातळ हात दिले, तेही फक्त वरच्या फळीवर, जिथे जुनं पॉलिश उडालं होतं तिथेच. खिडक्या उघड्या आणि जवळपास चूल-दिवा नाही, ही खबरदारी हवीच. पावसाळ्यात हे काम करू नये, दमट हवेत पॉलिश दुधाळतं. पुढचं कापड फाटलं नव्हतं, ते मऊ ब्रशने झाडून ठेवलं. बदलायची वेळ आली तर विरळ विणीचंच घ्यावं. दाट कापड लावलं की आवाजाच्या तोंडावर हात ठेवल्यासारखं होतं.

माझ्या हातून एक चूक मात्र झाली, ती सांगायला हवी. डायलची काच आतून धुरकट दिसली म्हणून मी ओल्या फडक्याने पुसली. केंद्रांची नावं काचेच्या आतल्या बाजूला रंगाने छापलेली असतात. फडक्यावर रंग आला तेव्हा हात थांबला, पण तोवर एक नाव गेलं होतं. ते होतं सिलोन. १९५२ पासून अमीन सयानींची गीतमाला जिथून येत असे, अब्बांनी काटा सगळ्यात जास्त वेळा जिथे नेला असेल, ते नाव मी पाच सेकंदांत पुसलं. चाचांना सांगितलं तर ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "म्हणून सांगतो, हात राखून काम करा. घातलेला रंग काढता येतो, काढलेला परत घालता येत नाही."

त्यामुळे शेवटी वर्तुळाची पाळी आली तेव्हा मी घाबरलो होतो. ते काढणं सोपं होतं. स्पिरिटने जेमतेम ओलावलेला बोळा हलक्या हाताने फिरवला की लाखेवरचा पांढरा डाग जातो. मी ठरवलं होतं की तो ठेवायचा. पण अम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, "पुसून टाक. पन्नास वर्षं पाहुण्यांपासून लपवत आले मी तो. माझ्या घरात डाग पडलेला रेडिओ होता, हेच का लोकांना दाखवायचंय?"

मी गप्प झालो. मला ते वर्तुळ म्हणजे इतिहास वाटत होता. तिच्यासाठी ती संसारातली एक उणीव होती आणि ती झाकण्यासाठी तिने आपल्या हाताने झाकण विणलं होतं. दोघांचंही खरं होतं. दोन दिवस बोळा तसाच ठेवून मी विचार केला. मग तिला म्हटलं, "अम्मी, डाग मी पुसत नाही. पण तू झाकण दे."

ती थोडी कुरकुरली. पण ट्रंकेतून ते झाकण काढून, धुऊन, खळ घालून तिने स्वतःच रेडिओवर पसरलं. आता तो रेडिओ पुढच्या खोलीत आहे. मध्यम लहरींवर सांगली केंद्र लागतं. बटण फिरवल्यावर व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतं. तेवढ्यात अम्मी खुर्ची जवळ ओढते आणि मी चहाचा कप रेडिओवर न ठेवता खाली ठेवतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)