भाता आणि कोळसा

लोहाराच्या भट्टीपाशी घटकाभर उभे राहिलेल्या माणसाला एक गोष्ट सहज उमगते. भाता जोराने चालू लागला की आगीची धग वाढते, पण कोळसाही तितक्याच झपाट्याने सरतो. भाता ओढणारा आणि कोळसा घालणारा यांचा मेळ बसला नाही, तर हातचे काम बिघडते. मोटारीच्या एंजिनाचा इतिहास हाही या मेळाचाच इतिहास होय. तथापि तो सांगताना भात्याचे कौतुक होते आणि कोळसा घालणाऱ्याचा बहुधा विसर पडतो. येथे भाता म्हणजे टर्बोचार्जर, आणि कोळसा घालणारा म्हणजे निमूटपणे राबणारा इंधनाचा पंप.

या भात्याचा जनक आल्फ्रेड ब्यूखी हा स्वित्झर्लंडमधील अभियंता. एंजिनात इंधन जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा मोठा भाग जळक्या वायूबरोबर बाहेर निघून जातो. त्या वायूच्या झोतावर एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवावे आणि त्याच्या साहाय्याने बाहेरची हवा दाबून सिलिंडरात भरावी, ही ब्यूखीची कल्पना होती. तिचे पेटंट त्याने १९०५ साली घेतले. परंतु व्यवहारात यश येण्यास सुमारे वीस वर्षे लागली. ‘प्रॉयसेन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या एंजिनांची शक्ती या युक्तीने १७५० वरून २५०० अश्वशक्तीवर गेली. ही एंजिने डिझेलची होती, हे ध्यानात घेतले पाहिजे. डिझेल एंजिनात पंपच इंधन मोजून सिलिंडरात सोडतो. हवा वाढली, तर पंपाचे माप वाढविता येते. भाता आणि कोळसा यांची सांगड तेथे मुळातच सोपी होती.

पेट्रोलच्या एंजिनाची गोष्ट वेगळी. त्यात दीर्घकाळ कार्ब्युरेटरचे राज्य होते. आत जाणाऱ्या हवेच्या ओढीनेच पेट्रोल खेचले जाई. १९१८ साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्याने विमानाचे ‘लिबर्टी’ एंजिन कोलोरॅडोमधील पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच शिखरावर नेले. समुद्रसपाटीवर ३५० अश्वशक्ती देणारे ते एंजिन तेथील विरळ हवेत २३० वर उतरले. टर्बोचार्जर जोडताच ते ३५६ वर पोहोचले. हवेचा प्रश्न सुटू शकतो, हे त्या शिखरावर सिद्ध झाले. इंधनाच्या प्रश्नाची खरी कसोटी मात्र पुढेच लागावयाची होती.

ती लागली १९४० साली, ब्रिटनच्या आकाशात. स्पिटफायर आणि हरिकेन या लढाऊ विमानांतील ‘मर्लिन’ एंजिनालाही दाबून हवा पुरविली जात असे. फरक एवढाच, की तो भाता जळक्या वायूवर न चालता एंजिनाच्याच दंतचक्रांवर चाले. शक्ती भरपूर होती. पण वैमानिकाने विमानाचे नाक एकाएकी खाली दाबले, की एंजिन आचके देई. प्रथम कार्ब्युरेटरातील पेट्रोल वरच्या बाजूस उसळे व एंजिन क्षणभर उपाशी राही. पाठोपाठ पंपाकडून येणारा पूर्ण दाबाचा लोंढा कार्ब्युरेटर भरून टाकी आणि तेच एंजिन पेट्रोलात बुडे. जर्मन मेसरश्मिट विमानांत पेट्रोल पंपाने थेट सिलिंडरात सोडण्याची योजना होती. त्यामुळे ती निर्धास्तपणे सूर मारून निसटत. काही क्षणांच्या या आचक्यावर वैमानिकाचे प्राण अवलंबून होते.

फार्नबरो येथील सरकारी विमान-संशोधन संस्थेत बिअॅट्रिस शिलिंग ही अभियंता स्त्री काम करीत होती. विद्युत-अभियांत्रिकी शिकलेली ही स्त्री ब्रुकलंड्सच्या शर्यतीच्या मार्गावर ताशी १०० मैलांहून अधिक वेगाने मोटारसायकल चालविलेली होती. उपासमारीपेक्षा लोंढा अधिक घातक आहे, हे तिने ओळखले. एंजिनाला पूर्ण शक्तीसाठी जेवढे पेट्रोल लागते तेवढेच जाऊ देईल, असे नेमके छिद्र असलेला एक लहानसा धातूचा तुकडा तिने इंधनाच्या नळीत बसविला. विमान कामावरून न काढता तो बसविता येई. तिच्या पथकाने विमानतळोविमानतळी जाऊन १९४१ च्या मार्चपर्यंत हे काम उरकले. दोष समूळ गेला नाही; पण वैमानिकाला निर्णायक क्षणी एंजिनाचा भरवसा लाभला.

महायुद्धानंतर टर्बोचार्जर मोटारीत आला. १९६२ साली अमेरिकेत ओल्डस्मोबिल कंपनीची ‘जेटफायर’ निघाली. २१५ घनइंचांच्या एंजिनातून २१५ अश्वशक्ती, असा तिचा लौकिक. पण दाबलेली हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण अतितप्त होऊन अवेळी भडकू नये, म्हणून तिला पाणी व मेथिल अल्कोहोल यांचे मिश्रण निराळ्या टाकीतून पुरवावे लागे. ती टाकी भरण्याचा अनेक मालकांना विसर पडे. दोन वर्षांतच ही मोटार बंद झाली आणि पुढे कंपनीनेच टर्बोचार्जर काढून साधा कार्ब्युरेटर बसवून देण्याची तयारी दाखविली. भात्याने हार खाल्ली नव्हती. त्याच्या जोडीचा पुरवठा कमी पडला होता.

पुढे विजेचा पंप आणि पेट्रोल फवारण्याची पद्धत रूढ झाली. १९७४ साली पॅरिसच्या प्रदर्शनात आलेल्या पोर्श ९११ टर्बोत आत जाणारी हवा मोजून तीनुसार पेट्रोल सोडणारी बॉश कंपनीची यंत्रणा होती. हवा आणि इंधन यांचा मेळ राखण्याचे काम आता यंत्रणेकडे आले.

तरीही मूळ हिशेब बदललेला नाही. एक किलो पेट्रोल पुरते जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. हवा दीडपट झाली, तर पेट्रोलही दीडपट हवे. शिवाय, ज्या मोटारीत पेट्रोल हवेच्या नळीत फवारले जाते, तेथे एक अडचण अधिक असते. फवारणीचा दाब ३ बार असेल आणि टर्बोचार्जरने नळीत १ बार दाब चढविला, तर पंपाला ४ बार दाबाने रेटावे लागते. आणि दाब वाढला की पंपाचा ओघ घटतो. म्हणजे मागणी वाढते त्याच क्षणी पुरवठ्याची ताकद उतरते. मोठा टर्बोचार्जर बसवून जुनाच पंप ठेवणाऱ्याची येथे फसगत होते. संथ गतीत काहीच जाणवत नाही; चढावर, भरवेगात पेट्रोल कमी पडते, मिश्रण तापते, एंजिनात ठोके पडू लागतात आणि पाहता पाहता दट्ट्या वितळतो. म्हणून मोठा भाता बसविण्याआधी पंप, त्याची वीजतार, फवारे आणि दाबाचा नियंत्रक हे सारे त्याच मापाचे करणे, हे जाणत्या कारागिराचे लक्षण मानले जाते. नुसता मोठा पंपही पुरत नाही. मोजमाप सुटले, तर एंजिन पेट्रोलात बुडते, हे १९४० सालानेच दाखवून दिले आहे.

बळ वाढविणारा जगाच्या नजरेत भरतो; त्या बळाला पुरून उरेल असे अन्न वेळेवर आणि मापात पोहोचविणारा पडद्याआड राहतो. ब्यूखीचे नाव मोठ्या शोधाशी जोडलेले आहे, तर शिलिंगचे एका लहानशा छिद्राशी. परंतु दोहोंपैकी एकाचेही काम दुसऱ्यावाचून पुरे होत नाही.